सोळावं घर

कुंदा,

सरांचं पोस्टकार्ड आलं. पहिल्या चार ओळी क्लासमध्ये नवा कॉम्प्युटर कधी येणार याबद्दल होत्या. मग त्याच अक्षरात, ओळही न सोडता लिहिलं होतं, "आपली कुंदा गेली. कावीळ अंगावर काढलीन. क्लासच्या अंकात दोन पानं राखून ठेवली आहेत. तू तिची जोडीदार. चार चांगले शब्द लिहून पाठव."

चार शब्द शोधायला मी दोन संध्याकाळी बसले. मिळाले ते असे: हुशार, हट्टी, तोंडाळ, आगाऊ. त्यातला एकच छापण्यासारखा आहे, आणि तोही मी तुला कधी तोंडावर म्हटला नव्हता.

तू होतीस तेव्हा तुझ्यासमोर मला बोलता येत नसे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं उत्तर तयार असायचं. आता पहिल्यांदाच तू मध्ये बोलणार नाहीस. ही संधी मी सोडणार नाही.

पहिल्या दिवसापासून सांगते. मारुती मंदिराजवळ, शिवणयंत्रांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सरांचा क्लास. सर वीस वर्षं जहाजावर रेडिओ ऑफिसर होते आणि हाताने केल्याशिवाय काही कळत नाही असं त्यांचं मत होतं. मी भिंतीकडच्या बाकावर, कडेला. वडिलांची बदली होऊन आम्हाला रत्नागिरीत येऊन वर्षही झालं नव्हतं. तू आलीस ती जिन्यावरूनच बोलत. साडीची कड ओली, हातात डबा. माझ्या वहीत डोकावलीस. पान इंग्रजीत होतं.

"काय गो कॉन्व्हेंट," तू म्हणालीस, "तुला विचार तरी मराठीत येतात, की तेही भाषांतर करून घेतंस?"

सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. पुढचा आठवडाभर मी क्लासमध्ये एक शब्द बोलले नाही. तू त्याला माज म्हणालीस. पुढे ते नाव सगळ्यांनी उचललं. तो माज नव्हता, कुंदा. मला तुझी भीती वाटायची. तुला एवढं सगळं दिसायचं, हे मात्र दिसलं नाही. की दिसलं होतं?

आणि सरांनी जोडी लावली ती आपलीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सरांकडे दोन किट होती. किट म्हणजे उघडी पाटी, तिच्यावर एक मायक्रोप्रोसेसर, बोटांनी दाबायची अक्षरांची आणि आकड्यांची बटणं, आणि वर लाल आकडे दाखवणारी पट्टी. सरांनी दोन्ही पाट्यांच्या मध्ये तारांची चपटी पट्टी जोडून एक सामाईक मेमरी बसवली होती. एका पाटीने त्यात आकडे टाकायचे, दुसरीने उचलायचे, आणि ज्या क्रमाने टाकले त्याच क्रमाने. बस, एवढाच प्रकल्प. सोपा वाटतो. अडचण अशी की दोन्ही पाट्या आपापल्या वेगाने, एकाच वेळी धावतात. कोणी कोणासाठी थांबत नाही.

"कुलूप लावलं की काम सोपं," सर म्हणाले होते. "एक आत असेल तर दुसऱ्याने बाहेर थांबायचं. पण आतला आतच अडकला तर?"

"आमच्या चाळीत न्हाणीला आतनं कडी लावून म्हातारे पेंगतात," तू म्हणालीस. "बाहेर सहा बिऱ्हाडं टॉवेल घेऊन उभी."

"तेच. म्हणून आपण कुलपाशिवाय रांग बांधायची. कोणी कोणाला अडवायचं नाही आणि एकही आकडा हरवायचा नाही."

सरांनी परदेशी मासिकातली झेरॉक्स पानं दिली. इंग्रजी होती, म्हणून वाचून सांगायचं काम माझं. मी सांगायची, तू कागदावर गोल काढायचीस. सोळा घरं, गोलाकार. टाकणाऱ्या बाजूची एक खूण: इथपर्यंत भरलं. उचलणाऱ्या बाजूची एक खूण: इथपर्यंत रिकामं केलं. दुसऱ्याची खूण फक्त बघायची, तिला हात लावायचा नाही. आणि एक घर कायम रिकामं सोडायचं. कारण सोळाही घरं भरली तर दोन्ही खुणा एकाच घरावर येतात, आणि सगळी रिकामी असतील तरीही एकाच घरावर. मग भरलंय की रिकामं आहे, कळणार कसं?

"म्हणजे सोळा बांधायची आणि पंधरा वापरायची," तू म्हणालीस. तुझ्या कपाळाला तेव्हाच आठी पडली होती. मी ती पाहिली आणि गप्प बसले. मी बरंच काही पाहून गप्प बसते. तू मला त्यावरूनही बोलली होतीस.

टाकणारी बाजू तू घेतलीस, उचलणारी मला दिलीस. आकडे कसे उचलायचे ते मला जमेना. तेव्हा तू म्हणालीस, "कागदावर काय बघतंस? उद्या सकाळी मिरकरवाड्याला ये. आमची आई रोज तेच करते."

मी आले. जेट्टीवर मासळीचे ढीग लागले होते, लिलाव पुकारला जात होता. तुझी आई कमरेला निळ्या जाळ्याचे तुकडे खोचून उभी होती. ढीग तिच्या नावावर सुटला की ती एक तुकडा त्याच्यावर टाकायची आणि पुढच्या ढिगाकडे वळायची. माल सावकाश टोपलीत भरला जायचा. निळा तुकडा पडलेल्या ढिगाला कोणी शिवत नव्हतं. दुसऱ्या बायकांच्याही खुणा होत्या, एकीची नारळाच्या सोडणाची, एकीची लाल चिंधीची.

"बघितलंस?" तू म्हणालीस. "आधी खूण. उचलायचं मागाहून."

मी नाकाला रुमाल लावला होता. वासाने नव्हे, बर्फाचं पाणी अंगावर उडालं, ते पुसत होते, आणि रुमाल तिथेच राहिला. तू पाहिलंस. तुझ्या आईनेही पाहिलं. तू काही बोलली नाहीस, आणि त्या दिवशी तू बोलायला हवं होतंस. त्यानंतर महिनाभर क्लासमध्ये मी जवळ आले की तू डबा दुसरीकडे ठेवायचीस. "कॉन्व्हेंटला वास येईल." मी खुलासा केला नाही. मला खुलासे करता येत नाहीत, आणि तुला ते ऐकता येत नव्हते.

पण मी घरी येऊन लिहिलं ते तुझ्या आईकडे बघून. आधी खूण पुढे सरकवायची, मग घरातला आकडा उचलायचा. अगदी तसंच.

एक गोष्ट मान्य करते, आत्ताच, म्हणजे पुढे राग आला की विसरणार नाही. लाइट गेली की किटमधलं सगळं पुसलं जायचं. आणि रत्नागिरीत लाइट दिवसातून दोनदा तरी जायचीच. मग सगळा प्रोग्रॅम पुन्हा बटणांनी भरायचा. एकीने कोड वाचायचे, दुसरीने दाबायचे. स्वतःचे कोड स्वतः दाबले की चुका दिसत नाहीत, असा सरांचा नियम. म्हणून तुझी बाजू मी दाबायची आणि माझी तू. त्या क्लासमध्ये माझा आवाज पहिल्यांदा मोठा निघाला तो कोड वाचताना.

"मोठ्याने वाच गो. मशीन बहिरं नाय, पण मी हाय."

"थ्री ए, झिरो झिरो, टू झिरो..."

"तीन ए, शून्य शून्य, दोन शून्य," तू माझ्यामागून मराठीत म्हणत दाबायचीस. दोन महिन्यांत किती वेळा? माझा सगळा प्रोग्रॅम तुझ्या बोटांना पाठ होता. शेवटी शेवटी मी वाचायच्या आधीच तुझं बोट बटणावर असायचं. आपण दोघी एवढ्या जवळ कधीच नव्हतो आणि पुन्हा झालो नाही. तेवढ्यापुरतं मला तिथे यावंसं वाटायचं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू त्याचीही टिंगल केली असतीस.

रांग चालायला लागली. एक ते नव्व्याण्णव आकडे तुझ्या पाटीतून माझ्या पाटीत, एकही हरवला नाही, एकही मागेपुढे झाला नाही. सरांनी प्रात्यक्षिकाचा दिवस ठरवला. कॉलेजचे दोन प्राध्यापक येणार होते, आणि पुण्याच्या एका कंपनीचे साहेब. त्यांना एक जण हवा होता, शिकाऊ म्हणून. एकच. ते आपल्याला दोघींनाही माहीत होतं आणि त्याबद्दल आपण एकमेकींशी एक अक्षरही बोललो नाही.

आणि तू काय केलंस? प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी दुपारी क्लासला एकटी आलीस आणि सोळावं घर वापरात आणलंस.

तुझी युक्ती बरोबर होती. हे मी इथे लिहिते, सरांनी अधोरेखित करून छापावं. खूण म्हणजे घराचा नंबर, हेच तू सोडून दिलंस. खुणांना मोजत जाऊ दिलंस, सोळा, सतरा, अठरा, थांबायचं नाही. दोघींच्या मोजणीत सोळाचा फरक असेल तर भरलेलं, फरक नसेल तर रिकामं. घर कोणतं ते सोळाने भागून उरलेल्या बाकीवरून. एकही घर फुकट नाही. त्या झेरॉक्स पानांत हे नव्हतं. ते तुझ्या डोक्यातून आलं.

पण त्यासाठी तू माझ्या बाजूच्याही दोन ओळी बदलल्यास. मला न विचारता. दुसऱ्याच्या खुणेला हात लावायचा नाही, हे आपणच कागदाच्या डोक्यावर लिहिलं होतं. तू लिहिलं होतंस, तुझ्या अक्षरात.

सकाळी आल्यावर तू सांगितलंस, तेही सगळ्यांसमोर; सर तेवढे पाहुण्यांना आणायला गेले होते. "पंधराची सोळा केली हां मी. बघ, चालतंय." एक ते नव्व्याण्णव तीनदा चालवून दाखवलंस. माझ्या तोंडात आलं होतं, माझ्या ओळींना हात लावायचा तुला काय अधिकार? पण तोपर्यंत पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायला सुरुवात झाली होती. मी राग गिळला, आणि मग मीही एक गोष्ट केली. पाहुण्यांना आकडे वाचता यावेत म्हणून माझी बाजू सावकाश केली, आकड्यागणिक एक सेकंद. तुला न सांगता. तू न सांगता बदललंस, मग मीही.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. लाल पट्टीवर आकडे येत होते. प्राध्यापक मजेने मोठ्याने वाचत होते. "अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. सत्तावन्न."

पट्टीवर पुढचा आकडा आला.

"बेचाळीस," ते म्हणाले. "मधला एकेचाळीस कुठे गेला?"

एकेचाळीस गेला तो गेलाच. छप्पन्ननंतर सत्तावन्न पुन्हा आला. कंपनीचे साहेब हसले, वाईट अर्थाने नव्हे, पण हसले. सरांनी विचारलं, "काल सकाळपर्यंत हे चालत होतं. कोणी काय बदललं?"

"मी," तू म्हणालीस. लगेच. "सोळावं घर घातलं."

"हात शिवशिवतात तुझे!" सर ओरडले. सर कधी ओरडत नाहीत. "चाललेल्या गोष्टीला हात लावायची काय गरज होती? बाजूला हो तिथून."

तू बाजूला झालीस. आणि मी? मला कोणी विचारलं नाही. न विचारता मी कधी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जेवणाच्या टेबलावर मी कागद पसरला. सत्तावन्नातून एकेचाळीस वजा केले. सोळा. एक पूर्ण फेरी. मग कागदावर पुढे बघायची गरजच उरली नाही. माझा 'थर्टी टू', म्हणजे खूण सरकव, 'सेव्हन ई'च्या, म्हणजे आकडा उचल याच्या आधी होता. खूण सरकवून मी तुझ्या पाटीला सांगत होते की हे घर रिकामं झालं, आणि आकडा अजून आतच होता. माझी बाजू मी सावकाश केल्यामुळे रांग भरलेलीच राहायची, आणि तुझी पाटी त्या घरासाठी टपूनच बसलेली. एकदाच वेळ जुळली, आणि मी उचलायच्या आत तिने एकेचाळीसवर सत्तावन्न टाकला. पूर्वी असं का झालं नाही? कारण मधलं ते रिकामं घर माझी चूक झाकत होतं. तुझी पाटी आधी त्या घरात टाकायची, आणि तेवढ्यात माझं उचलून व्हायचं. तू ते घर वापरात आणलंस आणि मी उघडी पडले.

जेट्टीवर खूण टाकली की माल आपला होतो. मशीनमध्ये खूण सरकली की माल दुसऱ्याचा होतो. एवढाच फरक होता आणि तो मला कळला नव्हता. तुझी युक्ती बरोबर, माझा क्रम चुकीचा. कागदावर दहा मिनिटांचं काम.

सरांना सांगायला मी उठले. चप्पलही घातली होती. तेवढ्यात सरच आमच्या दारात. "तुझं नाव दिलंय पुण्याला," म्हणाले. "कुंदा हुशार आहे, पण भरवशाची नाही. तू शांत आहेस." आईने चहा टाकला. मी शांत राहिले.

आता तुझ्याशी भांडते, कारण हे भांडण अर्धं राहिलंय. माझ्या बाजूच्या ज्या दोन ओळी तू बदलल्यास, त्या या दोन ओळींना चिकटून होत्या. तू तो क्रम पाहिलास की नाही? पाहून तसाच ठेवला असशील तर तू मला मुद्दाम पाडायला निघाली होतीस आणि स्वतः पडलीस. पाहिला नसशील तर तू समजत होतीस तेवढी हुशार नव्हतीस. सात-आठ महिने मी या दोन्हींमध्ये येरझाऱ्या घातल्या. मला पहिलं खरं असायला हवं होतं. तसं असतं तर मला झोप लागली असती.

खरं तिसरंच असणार. तुला तो क्रम चुकीचा वाटलाच नसेल. तू लहानपणापासून तेच बघत आलीस. आधी खूण, उचलायचं मागाहून. मी तुझ्याकडून शिकले होते.

पण नंतर तुला कळलं. मला ते एसटी स्टँडवर समजलं. मी पुण्याच्या गाडीत खिडकीशी बसले होते, वडील खाली केळी घेत होते. तू टोपली घेऊन कुठूनशी आलीस. केसांत अबोलीचा गजरा होता, ओला.

"चाललीस?"

"हो."

"एक गणित घाल. सत्तावन्नातनं एकेचाळीस गेले तर किती?"

मी खाली वडिलांकडे बघितलं.

"सोळा येतात ना गो?" तू खिडकीच्या गजाला धरून म्हणालीस. हसत नव्हतीस. "सेव्हन ई आधी, मग थर्टी टू. मी कितीदा दाबलंय, मला नाय कळणार?"

"मग सरांना सांग ना," मी म्हणाले. तेवढं बोलायचं धैर्य मला आलं, आणि तेही कशासाठी आलं बघ.

"मी कशाला? तुला तोंड नाय काय? माज उतरला की सांग."

"गाडी सुटतेय," मी म्हणाले.

गाडी अजून दहा मिनिटं सुटली नाही. तूही हलली नाहीस. दहा मिनिटं आपण एकमेकींच्या समोर, मध्ये गज, आणि कोणी बोललं नाही. मग ड्रायव्हर चढला. हातखंब्याच्या फाट्यापर्यंत मी मान वळवली नाही. रडू येईल म्हणून नव्हे. संताप आला होता. तू सरांना सांगितलं असतंस तर माझी नोकरी गेली असती आणि सगळं संपलं असतं. सांगायचं तू माझ्यावरच टाकलंस. ही तुझी सगळ्यात दुष्ट गोष्ट, कुंदा. तुझी सगळी तोंडाळ वाक्यं मी विसरेन, पण हे गप्प बसणं विसरणार नाही. गप्प बसणं माझं होतं. ते तू माझ्यावरच वापरलंस.

आणि मग कावीळ अंगावर काढलीस, आणि मी सांगायच्या आत गेलीस. मी या दिवाळीला येऊन सांगणार होते. खोटं वाटतं? मलाही वाटतं.

रजा काढून आले. तुझ्या घरी गेले. तुझी आई दारात मासळी निवडत बसली होती. मला बघून तिने पाट सरकवला, कोरा चहा दिला. मी या वेळी रुमाल पर्समध्येच ठेवला होता, वर काढला नाही. ती पुन्हा मासळी निवडायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "बाय, एक इचारू? आमच्या पोरीनं मशीन बिघडवलंन ना? तेच्यापायी तिला पुन्याला नेलं नाय. वाडीत समदी म्हनतात, कुंदानं हात लावलान आनि मशीन मेलं."

मी कप खाली ठेवला.

"मशीन बिघडलं नव्हतं, मावशी. चूक माझी होती."

मग मी सांगितलं. सोळा घरं, दोन खुणा. निळा तुकडा. माझं मराठी मध्येमध्ये अडकत होतं आणि ती थांबत होती. तू थांबली नसतीस. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे खून टाकलीस आनि माल उचलला नाय."

"हो."

"आनि दुसरीनं तेच्यावर वतलान."

"हो."

"मी खून टाकते तवा माझी नजर तितंच असते, बाय. माल टोपलीत पडंस्तवर. हे नाय सांगलंन तुला तिनं?"

"नाही."

"तिला बी दिसलं नसल. पोरीस्नी वाटतं, तुकडा टाकला की झालं." तिने कोयता पुसला. "तिला ठावं होतं? चूक तुझी ती?"

"हो."

"आनि बोलली नाय."

"नाही."

"सरास सांगलंस?"

"अजून नाही."

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तुझेच डोळे. "मगे हितं काय करतंस? चाय प्यायला आलीस?"

ती उठली. हात धुतले, पदर झटकला आणि पायऱ्या उतरली. मी मागोमाग. मिरकरवाड्यापासून मारुती मंदिरापर्यंत ती भराभर चालली. क्लासचा जिना ती पहिल्यांदाच चढत होती. प्रात्यक्षिकाला यायचं तिच्या मनात होतं, हे तिने मला जिन्यात सांगितलं. तूच नको म्हणाली होतीस. मशीनला वास लागेल असं कोणी म्हणू नये म्हणून. कोणी म्हणजे कोण, ते मला कळलं. रुमालाचा खुलासा मी तिथे जिन्यातच केला. सोळा घरांपेक्षा तो अवघड गेला. ती "असंल" म्हणाली आणि पुढची पायरी चढली.

सरांना मी उभ्या उभ्या सांगितलं. सर खुर्चीत बसले. "मी तिला सगळ्यांसमोर बोललो," एवढंच म्हणाले, दोनदा. मग त्यांनीच कपाटातून दोन्ही किट काढली, तारा जोडल्या. मी तुझा कागद मागितला, सोळाव्या घराचा. तो त्यांनी टाकून दिला नव्हता. माझ्या दोन ओळींची अदलाबदल केली, आणि बटणांवर बोट ठेवलं. सर कोड वाचू लागले, "थ्री ए, झिरो झिरो..." मागून "तीन ए" आलं नाही. माझं बोट थांबलं. सर वाचत पुढे गेले होते; त्यांना पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं.

माझी बाजू सावकाश ठेवली. आकड्यागणिक एक सेकंद, त्या दिवशीसारखीच. तुझी आई पट्टीसमोर स्टुलावर बसली. आकडे तिला येतात. ती लिलावात उभी राहणारी बाई. ती स्वतःच मोठ्याने वाचायला लागली. "सदतीस. अडतीस. एकुनचाळीस. चाळीस."

तो एक सेकंद फार मोठा होता.

"एकेचाळीस," ती म्हणाली. आणि थांबली नाही. "बेचाळीस. त्रेचाळीस." नव्व्याण्णवपर्यंत सगळे वाचले तिने. मग पदर खांद्यावर घेत उठली. "चाललंय की," सरांना म्हणाली. मला म्हणाली, "आता लिही तुला काय लिहायचं ते. आनि वाडीत कोनी इचारलं तर हितं घेऊन येईन, दाखवायचं."

माझ्या डोक्यावरून हात वगैरे तिने फिरवला नाही. जिना उतरून गेली.

सर, हे असंच छापा. चांगले शब्द मला जमले नाहीत. पुण्याच्या साहेबांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. ते काय करतील ते करतील.

कुंदा, तुझं सोळावं घर बरोबर होतं. एक ते नव्व्याण्णव, आम्ही चारदा चालवलं.

पण मला विचारायला हवं होतंस.